शिशाचा एप्रन नको, सामानाच्या बॅगा द्या

परवा आईच्या गुडघ्याचा एक्सरे काढायचा होता, तिला उभं राहताना धरायला कोणीतरी हवं म्हणून मी आत थांबलो, तर टेक्निशियनने माझ्या अंगावर तो शिशाचा एप्रन चढवला. बापरे काय वजन! दोन मिनिटांत खांदे भरून आले. तेव्हा डोक्यात आलं की अंतराळवीर मंगळावर जातील तेव्हा हेच घालतील का.

घरी येऊन वाचत बसलो तर उलटंच निघालं, तिकडे शिसं फारसं कामाचं नाही. एक्सरेची गोष्ट वेगळी. अंतराळात येतात ते सुसाट धावणारे कण, सूर्याकडून बहुतेक प्रोटॉन आणि आकाशगंगेतून त्याहून जास्त ऊर्जेचे, त्यात लोखंडासारख्या जड अणूंची केंद्रंसुद्धा. असला कण जड धातूवर आदळला की कॅरमच्या पहिल्या फोडीसारखं होतं, तुकडे दाही दिशांना, आणि ते आत बसलेल्या माणसाच्या अंगात घुसणार. हायड्रोजनच्या केंद्रात मात्र फुटण्यासारखं काही नसतंच, एकटा प्रोटॉन. म्हणून पाणी, पॉलिथिलीन, अगदी जेवणाची पाकिटंसुद्धा, ज्यात हायड्रोजन भरपूर ते किलोमागे जास्त उपयोगी.

२०२२ च्या आर्टेमिस १ या नासाच्या चांद्रमोहिमेत, ओरायन नावाच्या यानात, माणसं नव्हती पण हेल्गा आणि झोहार नावाच्या दोन पुतळ्या पाठवल्या होत्या, हात-पाय नाहीत, नुसती बाईची धडं, आतून हाडं-फुप्फुसांसारखं मटेरियल आणि जागोजागी रेडिएशन मोजणारे सेन्सर. झोहारला पॉलिथिलीनचं जॅकेट घातलेलं, हेल्गा तशीच. त्या फेरीत अजून एक गंमत कळली, पृथ्वीभोवती असेच कण अडकून राहिलेल्या व्हॅन ॲलन पट्ट्यातून जाताना यान नुसतं वळलं तर आतला डोस निम्म्यावर आला! म्हणजे यानाची कुठली बाजू समोर येते यावरच एवढा फरक.

पण मला सगळ्यात आवडलं ते सौरवादळाचं, म्हणजे सूर्याकडून कणांचा एकदम लोंढा येतो त्याचं. वादळ आलं की ओरायनमधल्या चौघांनी खाली सामान ठेवायच्या खणांत शिरायचं आणि त्यातल्या बॅगा काढून आपल्याभोवती रचायच्या. बस. आम्ही लहानपणी लग्नघरात गाद्यांच्या ढिगात लपायचो अगदी तसंच, फक्त इथे एकेक दिवस बसावं लागू शकतं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये असंच एक जबरदस्त वादळ आलेलं, अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरात जायचं होतं, मधल्या मध्ये निसटलं. तेव्हा कोणी चंद्रावर असतं तर खरंच अवघड होतं.

आकाशगंगेवाल्या कणांना मात्र बॅगा रचून भागत नाही, ते सगळ्यातून आरपार जातात. अपोलोवाल्यांना डोळे मिटले तरी अंधारात प्रकाशाच्या रेघा-ठिपके चमकताना दिसायचे, ते हेच कण. क्युरिऑसिटी रोव्हर मंगळाकडे जाताना आतल्या यंत्राने मोजलं तर रोजचे साधारण १.८ मिलीसीव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), म्हणजे छातीचे अठरा-एक एक्सरे रोज. नुसता जाऊन-येऊन प्रवासच साडेसहाशेच्या पुढे, आणि नासाची अख्ख्या करिअरची मर्यादा ६०० ची. मंगळावर राहण्याचं तर यात धरलेलंच नाही. भिंती जाड करत बसलं तर यानाचं वजन वाढणार, मग लवकर पोचायचं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय वाटतो मला, त्यासाठी इंजिनं अजून जोरदार लागतील.

आईला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, एवढं आहे तर जातात कशाला, आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलं.