घरी जायचं म्हणून कोणी रडतं का?

"मॅडम, राग मानू नका, पण ज्यांच्याकडं कागद न्हाईत, राहायची परवानगी न्हाई, त्यांना माघारी धाडायला तुमची हरकत का असती? त्यांच्या घरीच धाडतोय की आपण."

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गांधीनगरला गेलो होतो, तिथल्या साडीच्या दुकानात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हे विचारलं. आता तो वकिली करतो, मुलगा सरळ आहे, मनात वाकडं काही नव्हतं. पस्तीस वर्षं कोल्हापुरात संविधान शिकवून मी निवृत्त झाले, आणि अधूनमधून वाचनालयात किंवा महिला मंडळात निर्वासितांविषयी बोलते, म्हणून हा प्रश्न मला नेहमीच येतो. कधी म्यानमारच्या रोहिंग्यांचं नाव घेऊन, कधी तिथल्याच चिन लोकांचं, कधी नुसतंच "ते बाहेरचे" म्हणून. दुकानात गर्दी होती, जाऊबाई साड्यांच्या ढिगात, मी काहीतरी दोन वाक्यं बोलले. ती पुरेशी नव्हती. तू विचारलंस म्हणून, आणि तुझ्यासारखं ज्यांनी ज्यांनी विचारलंत त्यांच्यासाठीही, आता सावकाश लिहिते.

आपण उभे होतो त्या जागेपासूनच सुरुवात करते. गांधीनगर म्हणजे कापडाची घाऊक बाजारपेठ हे आख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी ती उभी केली, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण ते सिंधी लोक आले तेव्हा त्यांच्यासाठी इथे बांधलेल्या बराकी तयार होत्या. त्या बांधल्या होत्या पोलंडच्या लोकांसाठी. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या त्या कॅम्पात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. १९३९च्या सप्टेंबरात पूर्व पोलंड सोव्हिएत फौजांनी घेतलं, आणि पुढच्या दोन वर्षांत तिथली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे नेली गेली. १९४१मध्ये हिटलरने रशियावर चाल केली तेव्हा स्टालिनने त्यांना सोडलं. त्यातली जी जगली वाचली, ती इराणमार्गे निघाली, आणि त्यातली काही आपल्या पंचगंगेच्या काठी येऊन पोचली. इथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची.

माझे आजोबा उचगावचे. कॅम्पात दूध घालायचे. वडील तेव्हा आठ-दहा वर्षांचे, किटली धरून बरोबर जायचे. वडिलांनी आयुष्यभर सांगितलेली एकच गोष्ट मी इथे लिहिते, कारण माझं उत्तर तिच्यात आहे. लढाई संपल्यावर एका सकाळी ते दोघे गेले तर बराकीच्या व्हरांड्यात बायका रडत बसलेल्या. रोज मोजून दूध घेणारी बाई भांडंच आणेना. परत जाण्याविषयी काहीतरी सांगून गेले होते म्हणे कोणी साहेब. वाटेत वडिलांनी विचारलं, "आबा, घरी जायचं म्हणून कोणी रडतं का?" आजोबांनी सायकल थांबवली. म्हणाले, "घर हाय तिथंच हाय रं. पण ज्यानं ह्यास्नी गाडीत कोंबून न्हेलं, त्याच्याच हद्दीत गेलंय आता."

चौथी शिकलेल्या माणसाला हे कॅम्पातल्या कुणा कारकुनाने सांगितलं असेल. पण ते खरं होतं. पोलंडचा पूर्वेकडचा भाग युद्धानंतर सोव्हिएत संघात गेला, उरलेल्या पोलंडमध्ये मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार बसलं, आणि १९४५च्या जुलैत ब्रिटनने त्याच सरकारला मान्यता दिली. तू म्हणालास ना, घरीच धाडतोय म्हणून? कागदावर त्या बायकांनाही घरीच जायचं होतं.

त्यांना बळजबरीने कोणी गाडीत बसवलं नाही. थोडे आपणहून परत गेले, बाकीचे हळूहळू इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले. याला ब्रिटिशांचा दयाळूपणा म्हणवत नाही, कारण त्याच ब्रिटिशांनी १९४५च्या जूनमध्ये ऑस्ट्रियात लिएंत्स इथे रशियातल्या लढवय्या कोसॅक जमातीच्या हजारो लोकांना, त्यांच्या बायकामुलांसकट, ट्रकांत भरून सोव्हिएत फौजेच्या हवाली केलं. सोव्हिएत नागरिक परत करायचे, असा करार त्याच वर्षी स्टालिनबरोबर याल्टाच्या बैठकीत झाला होता. त्यातले काही जण तर कधीच सोव्हिएत नागरिक नव्हते, रशियन क्रांतीनंतरच देश सोडून गेलेले होते. सैनिक लाठ्या घेऊन आले तेव्हा काहींनी द्राव नदीत उड्या टाकल्या. त्या कोसॅकांतले कित्येक जण जर्मनांच्या बाजूने लढलेले होते, हे मी लपवत नाही. पण ट्रकात चढवताना कोण लढलं आणि कोण नुसतं पोरं सांभाळत होतं, हे कोणी विचारलं नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

या अशाच माणसांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच अधिवेशनात आला. १२ फेब्रुवारी १९४६ला आमसभेने ठराव केला की ज्या निर्वासितांची परत जाण्याला रास्त हरकत आहे, त्यांना परत जायची सक्ती करायची नाही. सोव्हिएत बाजूचा त्याला विरोध होता. पाच वर्षांनी, १९५१च्या निर्वासित कराराच्या ३३व्या कलमात ते कायम झालं. त्याला नॉन-रिफाउलमेंट म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर, जिवाला किंवा स्वातंत्र्याला जिथे धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही.

हे कलम काय म्हणत नाही तेही ऐक, कारण वाद नेहमी तिथेच घसरतो. सगळ्यांना कायम ठेवून घ्या, नागरिकत्व द्या, असं ते म्हणत नाही. तिसऱ्या सुरक्षित देशात पाठवायला मनाई करत नाही. ज्याच्यापासून देशाच्या सुरक्षेला धोका आहे असं मानायला सबळ कारण आहे, किंवा फार गंभीर गुन्ह्यात दोषी ठरून जो समाजाला धोकादायक ठरलाय, त्याला या कलमाचा आधार मागता येत नाही, असंही त्यातच लिहिलंय. म्हणजे "आणि त्यांच्यात दहशतवादी असले तर?" या पुढच्या प्रश्नाचं उत्तर करार लिहिणाऱ्यांनी आधीच देऊन ठेवलंय. धोका ज्याच्यापासून, त्याचा विचार करा, पण एकेकाचा करा. आख्ख्या जमातीचा एकदम करू नका.

भारताने या करारावर सही केलेली नाही. हे मला वर्गात दरवर्षी कोणीतरी पुढच्या बाकावरून ऐकवायचं, आणि ते बरोबरच आहे. परकीयांना बाहेर काढायचा सरकारचा अधिकार आपल्याकडे फार मोठा आहे. पण संविधानात दोन शब्द वेगवेगळे वापरलेत. एकोणिसावा अनुच्छेद 'नागरिकांना' आहे, एकविसावा 'व्यक्तीला'. जीव आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य ज्याचं राखायचं तो नागरिक असलाच पाहिजे, असं घटनाकारांनी लिहिलेलं नाही. पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या चकमा लोकांना "निघा नाहीतर हाकलू" अशी धमकी मिळत होती, तेव्हा १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदावर बोट ठेवून राज्य सरकारला त्यांचं रक्षण करायला लावलं.

सगळे निकाल माझ्या बाजूचे नाहीत. २०२१चे दोन तर जवळजवळ एकाच महिन्यातले. ८ एप्रिलला, जम्मूत डांबलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही, विहित पद्धत पाळल्याशिवाय त्यांना पाठवू नका एवढंच म्हटलं. आणि ३ मेला मणिपूर उच्च न्यायालयाने, मानवी हक्कांच्या वकील नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर, म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर पळून आलेल्या सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे जाऊ दिलं, आणि परत न ढकलण्याचं तत्त्व एकविसाव्या अनुच्छेदात वाचता येतं असं स्पष्ट लिहिलं. मला विचारशील तर कायदा दुसऱ्या निकालात जास्त खरा आहे. 'पद्धत पाळा' हे बरोबरच, पण ज्या देशाकडे सोपवायचं त्याच्या वकिलातीकडून "हा आमचा माणूस" असा कागद आणणं एवढीच जर पद्धत असेल, तर तो माणूस पळाला कोणापासून हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. २०१८च्या ऑक्टोबरात आसामातल्या सिलचरहून सात रोहिंग्यांना मणिपुरातल्या मोरे गावच्या सीमेवर नेऊन म्यानमारच्या ताब्यात दिलं ते अशाच पडताळणीवर. ज्या म्यानमारमधून वर्षभर आधी सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते, त्याच म्यानमारच्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाने त्या सातांना भेटू द्या म्हणून विनंती केली होती. भेटू दिलं नाही.

मिझोरमने २०२१मध्ये वेगळं केलं. केंद्राचं पत्र होतं की सीमेवरून येणाऱ्यांना रोखा आणि परत पाठवा. मुख्यमंत्री झोरमथंगांनी पंतप्रधानांना कळवलं की हे आम्हाला मान्य होणार नाही, ती आमच्याच रक्ताची माणसं आहेत. गावांनी आणि चर्चनी चिन लोकांना घरात घेतलं. मिझो लोक स्वतः १९६६च्या मिझो उठावानंतर सीमेपलीकडे आसऱ्याला गेले होते. ते विसरले नव्हते.

तर माझं उत्तर एवढंच, की परत पाठवू नका असं मी सरसकट म्हणत नाही. आधी विचारा, असं म्हणते. एकेकट्याला, त्याच्या भाषेत, पोलीस शेजारी उभा न ठेवता विचारा: परत गेलात तर काय होईल? आणि जे सांगेल ते लिहून घ्या, तपासा, आणि वकिलाला बघू द्या. हे आपल्याला परकं नाही. १९९२मध्ये तमिळनाडूतून श्रीलंकेच्या निर्वासितांना परत पाठवलं जात होतं, तेव्हा ते खरंच स्वखुशीने जातायत का हे विचारायला भारतानेच संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाला मद्रासमध्ये बसू दिलं.

तू शेवटच्या वर्षाला होतास तेव्हा हे आपण वर्गात करून बघितलं होतं, आठवतं का? एक मुलगी अर्जदार, एक दुभाषा, तू अधिकारी. तुझ्या हातात मी एकच प्रश्न लिहिलेली चिठ्ठी दिली होती. ती मुलगी आधी गावाचं नाव सांगायला घाबरत होती, मग भावाचं सांगू लागली, दुभाष्याचं दोनदा चुकलं, तू दोनदा परत विचारलंस. तासाची बेल झाली तेव्हा तुझं निम्मं पान लिहून झालं होतं, आणि तू हात वर करून म्हणालास, "थांबा मॅडम, तिचं अजून सांगून झालं न्हाई."