दुसरी किल्ली आहे का घरी?

गाडीची किल्ली हरवली म्हणून फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, किती होतील?" मी उत्तर द्यायच्या आधी विचारतो, "दुसरी किल्ली आहे का घरी?" खर्च, वेळ, मनस्ताप, सगळं या एका उत्तरावर ठरतं.

आमचं किल्ल्यांचं दुकान साताऱ्यात, राजवाड्याच्या बाजूला. वडिलांच्या काळात फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि जुन्या जीपा यायच्या. ते कोरा ब्लँक, म्हणजे दात न कापलेली किल्ली, कुलपात घालून जोर लावायचे, बाहेर काढून पितळेवर उमटलेले बारीक ठिपके उजेडात बघायचे आणि बरोबर तेवढंच कानशीनं घासायचे. पुन्हा घालायचे, पुन्हा बघायचे. दात जुळले की गाडी चालू. ती विद्या मला आली याचा मला अभिमान आहे, आजही ती कामाला येते. पण नुसत्या दातांवर गाडी चालू होण्याचे दिवस गेले.

पावसाळा सरता सरता माझे बाहेरगावचे फोन वाढतात. कासला फुलं आलेली असतात, ठोसेघरला गर्दी असते, वेण्णा लेकला नावेतून वाकताना शर्टाच्या वरच्या खिशातली किल्ली पाण्यात जाते. गेल्या हंगामात कासहून असाच फोन आला. लातूरचं कुटुंब, सोबत म्हातारी आजी, मारुतीची हॅचबॅक. किल्ली पठारावर चालताना कुठंतरी पडली होती आणि धुकं इतकं की हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. दुसरी किल्ली लातूरला, कपाटात. निदान ती होती, पण लातूर तिथून रात्रभराच्या वाटेवर. गाडी दोरी लावून ओढून आणावी असं त्यांच्या मनात होतं. मी फोनवरच नको म्हटलं. किल्लीशिवाय स्टिअरिंग लॉक असतं, चाकं वळत नाहीत. तशी गाडी घाटातून ओढायची म्हणजे जिवाशी खेळ. न्यायचीच तर सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते.

मी पोचलो तेव्हा आजी चहाच्या टपरीत शाल गुंडाळून बसल्या होत्या. पहिलं काम दाराचं. आमच्याकडे लिशी म्हणून एक हत्यार असतं. ते कुलपात घालून आतली एकेक पत्ती हलक्या हातानं उचलायची आणि ती किती खोलीवर बसते ते वरच्या मोजपट्टीवर वाचायचं. बोटाला जाणवतं तेवढंच खरं, घाई केली की चुकीचा आकडा येतो. दारातल्या कुलपात बऱ्याचदा सगळ्या पत्त्या नसतात, इग्निशनला एखाददुसरी जास्त असते, ती नंतर शोधावी लागते. आकडे मिळाले, व्हॅनमधल्या मशीनवर किल्ली कापली, दार उघडलं, स्टिअरिंग सुटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. किल्ली फिरवली, सेल्फ मारला, इंजिन फिरलं आणि चालू काही झालं नाही. मीटरवर दिवा लुकलुकत राहिला.

इथं बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं किल्ली चुकली. किल्ली बरोबर असते, फक्त गाडी तिला ओळखत नसते.

तुमच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, कधी काचेच्या नळीत, कधी काळ्या चपट्या तुकड्यात. तिला सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्यातून साधारण 125 किलोहर्ट्झची लहर निघते आणि त्याच लहरीवर चिप जागी होते. गाडी तिला एक आकडा देते, चिप आपल्याजवळच्या गुप्त कळीनं त्याचं उत्तर काढून परत पाठवते. उत्तर जुळलं तरच इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल आणि स्पार्क सोडतो. रिमोटच्या बटणांना लागतो तो गोल सेल वेगळा. तो संपला तर लॉक-अनलॉक बंद पडेल, पण दात असलेल्या किल्लीनं गाडी चालू होणारच. हे माहीत नसल्यामुळे सेल संपला की घाबरून फोन करणारे खूप आहेत.

"ही चिप म्हणजे कंपन्यांनी पैसे काढायला शोधलेली युक्ती," असं मला दुकानात रोज कुणीतरी ऐकवतं. मी ते मान्य करत नाही. वडील कानशीनं जे करायचे ते चोरही करू शकत होता, किंबहुना दोन वायरी जोडून त्याहून लवकर करत होता. जर्मनीत 1 जानेवारी 1998 पासून नव्या गाड्यांना ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, म्हणजे इमोबिलायझर, सक्तीची झाली, युरोपीय संघात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून, आणि गाड्यांच्या चोऱ्या खरोखर कमी झाल्या. चिप अभेद्य नाही हेही खरं. 2012 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या संशोधकांनी हिटॅग-2 ही कितीतरी गाड्यांत असलेली चिप सहा मिनिटांच्या आत फोडून दाखवली. म्हणून नव्या गाड्यांत 128 बिटांची, म्हणजे खूप लांब, गुप्त कळ असलेल्या चिपा आल्या, आणि म्हणूनच आमची मशीनं दर थोड्या दिवसांनी अपडेट करावी लागतात. किल्लीची किंमत त्या अपडेटांतूनही येते.

कासला पुढचं काम कागदांचं होतं. मालकाचं आरसी आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय मी प्रोग्रामिंगला, म्हणजे नवी चिप गाडीत नोंदवायच्या कामाला, हात लावत नाही, मग समोर कुणीही असो. मोबाइलला रेंज नव्हती, डिजिलॉकर उघडेना. शेवटी डॅशबोर्डच्या खणातून आरसी काढलं आणि चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी टॉर्च लावून जुळवला. पावसात हे करताना त्या गृहस्थांना थोडा राग आला होता, दिसत होतं. पण हीच गाडी दुसऱ्या कुणी माझ्यापुढे उभी केली असती तर मी असंच अडून बसावं, असं त्यांनाही वाटलं असतं.

मग बॅटरी. मुलांनी दार उघडल्यापासून गाणी लावलेली, आतले दिवे चालू. प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर इंजिनचा कॉम्प्युटर अर्धवट लिहिला जाऊ शकतो, आणि त्याची किंमत किल्लीच्या कितीतरी पट. म्हणून आधी व्हॅनच्या बॅटरीची केबल जोडली. स्टिअरिंगखाली गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायची जागा असते, त्या ओबीडी पोर्टला मशीन लावलं, गाडीचा गुप्त पिन नंबर काढला, जुन्या किल्ल्यांची नोंद पुसली, नवी चिप नोंदवली. काही गाड्या मशीनला मुद्दाम दहा-पंधरा मिनिटं थांबवून ठेवतात, चोराला तेवढा वेळ मिळू नये म्हणून. इथं तसं झालं नाही. गाडी पहिल्या फेरीत चालू झाली.

जुन्या नोंदी पुसणं हा भाग लोकांना ठाऊक नसतो. किल्ली पाण्यात गेली असेल तर फारसा फरक पडत नाही. पण पर्ससकट चोरीला गेली असेल, आणि पर्समध्ये पत्ता असलेलं काही असेल, तर ती किल्ली गाडीच्या यादीतून काढायलाच हवी. मशीनच्या पडद्यावर किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते दिसतं. स्वतः डोळ्यांनी बघा. आणि नोंद पुसली तरी जुन्या किल्लीचे दात दार उघडतातच. अशा वेळी दाराचं कुलूपही बदलून घ्या. पुसल्यावर कपाटातली दुसरी किल्लीही मुकी होते, हे मी लातूरकरांना तिथंच सांगितलं. ती पुन्हा नोंदवावी लागते.

अजून एक प्रकार वरचेवर येतो. रिमोटचं कव्हर फुटतं, बाजारात सुंदर नवं कव्हर मिळतं, दुकानदार आतली पट्टी आणि बटणांचं सर्किट नव्यात बसवून देतो. रिमोट चालतो, दार उघडतं, गाडी चालू होत नाही. चिप जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात चिकटलेली असते आणि ते कव्हर कचऱ्यात. एक ताई साताऱ्याच्या बसस्टँडवरून रडवेल्या आवाजात बोलत होत्या. मी म्हटलं, ताई, आधी त्या दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यापाशी जा. तुकडा सापडला. तो नव्या कव्हरात बसवायला मी एक रुपयाही घेतला नाही.

आता दुसऱ्या किल्लीचं. एक चालू किल्ली हातात असताना दुसरी करायला माझ्याकडे साध्या चिपला दोन-अडीच हजार लागतात, फोल्डिंग रिमोटला त्याहून जास्त. सगळ्या हरवल्या की हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो, आणि बटणस्टार्ट गाड्यांत त्याच्याही वर. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक हरवली असेल तर पोलिसांकडे नोंद करून त्याची पावती जपून ठेवा, क्लेमच्या वेळी तीच कामाला येते. पॉलिसीत किल्लीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तर नव्या किल्लीचा खर्चही मिळू शकतो, पण त्यालाही ही नोंद लागते. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या आणि त्यांच्याबरोबरचा नंबर कोरलेला छोटा टॅग मागून घ्या. टॅग असेल तर कुलूप न वाचताही किल्ली कापता येते.

लातूरच्या त्या गृहस्थांचा नंतर फोन आला, कपाटातली किल्ली नोंदवायला साताऱ्याला यावं लागेल का म्हणून. मी सांगितलं, अजिबात नको, तिथंच कुणाकडेही करा. फक्त जाताना दोन्ही किल्ल्या सोबत न्या, कारण कित्येक गाड्यांत नवी नोंद करताना आधीच्या सगळ्या पुसून पहिल्यापासून लिहाव्या लागतात. पैसे द्यायच्या आधी दोन्हींनी गाडी चालू करून बघा, मग रिमोटची बटणं दाबून बघा. बटणं चालली म्हणजे चिप नोंदली गेली असं होत नाही.