बंद इंजिनांचे प्रदर्शन

जुनी डिझेल इंजिने आणि शेतीची यंत्रे जमवणारी माणसे मराठवाड्यात फारशी आढळत नाहीत, कारण ओतीव लोखंडाला इथे पहिले गिऱ्हाईक म्हणून नेहमी भंगारवालाच भेटतो. म्हणूनच परभणीच्या बाजूला एका शेतकऱ्याने आपल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये असा संग्रह मांडला असल्याचे समजल्यावर मी तो आवर्जून पाहून आलो. बैलांचा उसाचा चरक, लोखंडी मोट, हाताने फिरवायची कडबाकुट्टी आणि एका बंद पडलेल्या जिनिंगमधून आणलेला, ऑल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचा सरकी काढण्याचा रेचा या सगळ्या वस्तू तिथे नीट राखलेल्या आहेत. पण मन रमले ते इंजिनांत, आणि माझी तक्रारही त्यांच्याचविषयी आहे. ती सगळी झगझगीत रंगवलेली आहेत, आणि सगळी बंद आहेत.

रंगाबद्दल थोडक्यातच लिहितो. अश्वशक्ती, फेरे आणि अनुक्रमांक कोरलेली पितळी पट्टी हा इंजिनाचा जन्मदाखला असतो, आणि दोन इंजिनांवरच्या अशा पट्ट्या लाल रंगाखाली बुजल्या आहेत. रंग खरवडता येईल. बंद असण्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

संग्रहातील सर्वात देखणे इंजिन इंग्लंडमधील डर्सली इथल्या लिस्टर कंपनीच्या घडणीचे, एका सिलिंडरचे आणि सहा अश्वशक्तीचे आहे. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, दट्ट्याची धाव साडेपाच इंच आणि वेग मिनिटाला अवघा 650 फेऱ्यांचा. याच नमुन्याची इंजिने पुढे राजकोटच्या कारखान्यांनी इतकी काढली की, आपल्याकडे ‘लिस्टर’ म्हणून जे ओळखले जाते त्यातले बरेचसे गुजरातचेच असते. शेजारी उभे आहे ते किर्लोस्करचे पाच अश्वशक्तीचे ए.व्ही. 1, ज्याचा वेग मिनिटाला 1500 फेऱ्यांचा आहे. ते बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्याजवळ खडकीला सुरू झाली. दोन्ही यंत्रे दट्ट्याच्या चार धावांची (फोर-स्ट्रोक) आहेत, म्हणजे चाकाच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदाच इंधन पेटते. लिस्टरमध्ये ते मिनिटाला 325 वेळा, म्हणजे सेकंदाला पाच-सहा वेळा पेटते आणि प्रत्येक ठोका कानाला सुटा ऐकू येतो. किर्लोस्करमध्ये तेच सेकंदाला बारा-तेरा वेळा घडत असल्यामुळे ठोके एकमेकांत मिसळून सलग घरघर तयार होते. पिठाच्या गिरणीची पुकपुक गावाबाहेरच्या शेतात मोजता यावी इतकी स्पष्ट का येत असे, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. मात्र थंड पडलेल्या इंजिनांकडे पाहून ते कोणालाच उमगणार नाही.

लिस्टरचे दोन अवजड चक्के (फ्लायव्हील) पाहून लोक थक्क होतात, पण ते एवढे जड का, हेही इंजिन चालू असतानाच कळते. चारपैकी एकाच धावेत शक्ती मिळते आणि उरलेल्या तीन धावा चक्क्यात साठलेल्या वेगावर पार पडतात. सुरू करतानाही भिस्त त्याच्यावरच असते: आधी खिट्टीने व्हॉल्व्ह उघडा ठेवून सिलिंडरमधला दाब मोकळा करायचा, हँडल मारून चक्क्याला वेग आणायचा आणि मग खिट्टी सोडायची. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तर तो मोडत नाही, हे प्रत्येक मिस्त्री आपल्या हाताखालच्या पोराला सर्वात आधी शिकवत असे.

मराठवाड्यात या इंजिनाचे खरे ठिकाण शेड नव्हते, विहीर होती. साधा सेंट्रिफ्युगल पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर, आणि व्यवहारात ही ओढ वीस-बावीस फुटांपलीकडे फारशी जात नाही. त्यामुळे पन्नास-साठ फूट खोल विहिरीत पाणी तळाला गेले की इंजिन आणि पंप दोरखंडांनी आत उतरवून कपारीत केलेल्या ओट्यावर बसवावे लागत. ओढनळीच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणारी झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गळका असेल, तर शेणकाला ओतून पाणी धरायला लावले जाई. पावसाळ्यात झरे फुटण्याआधी इंजिन वर काढले नाही तर ते बुडे. धुराची नळी विहिरीबाहेर काढली नाही, तर आत विषारी वायू साचून आत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शके. विहिरीच्या खोलीशी चाललेला हा झगडा दाखवल्यावाचून आपल्या भागातील डिझेल इंजिनाची ओळख अपुरी राहते, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मी त्या शेतकऱ्याला सुचवले की, निदान एक इंजिन कामाला जुंपून दाखवावे. आखाड्यावर सिमेंटचा हौद आहेच. त्यातले पाणी इंजिनाला पट्ट्याने जोडलेल्या पंपाने उचलून पुन्हा त्यातच सोडले, तर पाणीही वाया जाणार नाही आणि इंजिनावर भारही येईल. भार आला की वेग राखणारा गव्हर्नर इंधन वाढवतो, धुराचा रंग बदलतो, आवाज जड होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “चालू करायला काय लागतंय, दादा? पण चालू केलं की लेकरं पट्ट्याजवळ येतेत.”

त्यांचे म्हणणे रास्त आहे. उघड्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा ओढणी अडकून झालेले अपघात गिरणीवाल्यांना चांगले ठाऊक असतात. त्यामुळे पुढचे बोलणे पट्ट्यावरच झाले: पट्टा भिंतीच्या बाजूला घ्यायचा, चक्क्यांसह त्याला जाळीचा पिंजरा करायचा, धुराची नळी पत्र्याच्या वर न्यायची आणि पाहणाऱ्यांसाठी चार हात अंतरावर लोखंडी कठडा उभारायचा. पिंजऱ्याची मापे त्यांनी तिथेच खडूने फरशीवर आखून घेतली आणि सुरुवात लिस्टरपासून करायची ठरली.