मुगुगा ते काजियाडो: एका लशीचा माग

नैरोबीतून वायाकी वेने नाकुरूच्या दिशेला निघालं की शहर लवकर सुटत नाही. उथिरूला आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेचं, म्हणजे इलरीचं आवार आहे. त्याच परिसरात काबेटेला नैरोबी विद्यापीठाचं पशुवैद्यक शिक्षण चालतं. पुढे चढ लागतो, हवा गार होते आणि तीसेक किलोमीटरवर मुगुगा येतं. उंची २,००० मीटरच्या वर असल्याने जुलैत इथे स्वेटर हवाच. सफारीवाल्यांच्या नकाशात हे गाव नसतं, कारण फोटो काढावा असं काही नाही. संशोधन केंद्र पाहायचं तर आधी पत्रव्यवहार करून वेळ ठरवावी. आयत्या वेळी फाटकावरून परत यावं लागतं.

१९७० च्या दशकात इथल्या पूर्व आफ्रिकी पशुवैद्यकीय संशोधन संघटनेने ईस्ट कोस्ट फीवर या गुरांच्या, गोचिडातून येणाऱ्या रोगावर लस तयार केली. तिला आजही ‘मुगुगा कॉकटेल’च म्हणतात. स्वाहिलीत या रोगाला न्दिगाना काली म्हणतात, मसाई ओल्टिकाना म्हणतात. आपल्याकडच्या संकरित गायींचा गोचीड ताप, म्हणजे थायलेरिओसिस, याच कुळातला. आपला परजीवी थायलेरिया ॲन्युलाटा, तो हायलोमा गोचिडातून येतो आणि जनावर रक्तक्षयाने खचतं. इथला थायलेरिया पार्वा. तो कानात बसणाऱ्या तपकिरी गोचिडातून येतो आणि पांढऱ्या पेशींत शिरून त्यांना कर्करोगासारखं बेसुमार वाढायला लावतो. आधी कानाखालची गाठ सुजते, मग ताप ४१ अंशांपर्यंत चढतो. शेवटी फुप्फुसात पाणी भरतं आणि नाकातून फेस येतो. उपचार न झालेलं संकरित जनावर तीन-चार आठवड्यांत जातं. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेत मिळून वर्षाला सुमारे दहा लाख गुरं याने मरतात, असा अंदाज नेहमी दिला जातो.

लस म्हटलं की मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू डोळ्यांसमोर येतो. इथे तसं काहीच नाही. अस्सल, जिवंत, रोगकारक परजीवी टोचायचा आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचं. औषध परजीवीला आवरून धरतं, तेवढ्यात जनावराची प्रतिकारशक्ती तयार होते. ॲन्युलाटावर भारतात प्रयोगशाळेत वाढवलेल्या, दुबळ्या केलेल्या पेशींची लस आहे. पार्वासाठीही तसे प्रयत्न झाले, पण टोचलेल्या परक्या पेशी जनावराचं शरीर नाकारतं आणि मात्रा प्रचंड लागते, म्हणून तो मार्ग मागे पडला.

कॉकटेलमध्ये परजीवीचे तीन वाण आहेत: मुगुगा, कियांबू ५ आणि सेरेनगेटी. ते बनवायला यंत्रांपेक्षा गोचीड जास्त लागतात. आजारी वासराच्या कानाला कापडी पिशवी चिकटवून तीत पिल्लू अवस्थेतले गोचीड सोडतात. रक्त पिऊन ते गळतात, कात टाकतात, प्रौढ होतात. मग हे प्रौढ सशांच्या कानांवर साधारण चार दिवस पोसतात. ससा कशाला? कारण गोचिडाच्या लाळग्रंथीत परजीवी आधी अर्धवट असतो. गोचीड रक्त प्यायला लागल्यावर तीन-चार दिवसांनी तो टोचण्याजोगा पक्व होतो. त्यानंतर गोचीड वाटून, गाळून, ग्लिसरॉल घालून तो द्रव बारीक स्ट्रॉमध्ये भरतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. जिवंत परजीवी नेमके किती आहेत हे मोजता येत नाही. त्यामुळे दर खेपेची मात्रा पुन्हा जनावरांवरच तपासून ठरवावी लागते. दहा लाख मात्रांच्या एका खेपेला दीडेक वर्ष लागतं. २००८ ची अशी एक मोठी खेप इलरीने काढली होती. नंतर हे काम मलावीतल्या लिलाँग्वेच्या केंद्राकडे गेलं.

एका स्ट्रॉमध्ये तीस ते चाळीस जनावरांची लस असते आणि ती अर्धी उघडता येत नाही. ही लस कुणापर्यंत पोचते आणि कुणाला हुकते, हे जवळजवळ या एका आकड्यावर ठरतं.

नैरोबीच्या दक्षिणेला, मसाई पशुपालकांच्या काजियाडोकडे नामांगा रस्त्याने उतरलं की कितेंगेलानंतर मैदान कोरडं होत जातं. इथे चाळीस वासरं जमवणं अवघड नाही. एकेका मसाई बोम्यात, म्हणजे कुंपणातल्या वस्तीत, तेवढी असतातच, कमी पडली तर शेजारचा बोमा जवळ आहे. काम पहाटे. वासरं चरायला सुटली की दिवस हातचा गेला. नायट्रोजनचा कंटेनर पिकअपच्या मागे बांधलेला असतो. आपल्याकडे कृत्रिम रेतन करणाऱ्यांच्या मोटरसायकलवर दिसतो तसाच, थोडा मोठा. प्रवासात नायट्रोजन उडत राहतो, म्हणून निघताना आणि पोचल्यावर पट्टी बुडवून पातळी बघायलाच हवी.

आधी छाननी होते. ताप असलेलं, हगवण लागलेलं, जंतांनी वाळलेलं, महिन्याच्या आतलं वासरू बाजूला. शेवटच्या तिमाहीतली गाभण गायही बाजूला. वासरं खोड्यात घेऊन वजन काढायचं. वजनाची फीत नसेल तर छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करा, शरीराच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा, उत्तर किलोत येतं. घेर ३६, लांबी ३०, म्हणजे वजन ५९ किलो. ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा किलोमागे ३० मिलीग्रॅम. ३० टक्क्यांच्या औषधाचं गणित सोपं, दर १० किलोला १ मिलीलीटर. या वासराला ६ मिलीलीटर, दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं, खोल स्नायूत.

घोटाळा होतो तो इथेच. नजरेने ‘चाळीस किलो असेल’ म्हणत ४ मिलीलीटर दिलं, तर किलोमागे २० मिलीग्रॅमच पडतात आणि लसच रोग होऊन बसते. दुसरी गफलत बाटलीची. बाजारात २० टक्क्यांचं औषध स्वस्त मिळतं आणि बाटली तशीच दिसते. तेवढेच मिलीलीटर भरले की मात्रा आपोआप एक तृतीयांशाने घटते.

औषध आधी, लस मागून. हा क्रम पाळला की खोड्यातून उसळून सुटलेलं जनावर निदान औषधाविना परजीवी घेऊन जात नाही. स्ट्रॉ वितळवून पातळ करतात, थोडा वेळ स्थिरावू देतात, मग बर्फात ठेवून काही तासांत संपवतात. कानाच्या बुडाशी, कातडीखाली १ मिलीलीटर. लशीची सिरिंज स्पिरिटने पुसायची नाही, परजीवी मरतो. एकाच सिरिंजमध्ये दोन्ही भरायचं तर अजिबातच नाही. शेवटी कानात बिल्ला. बाजारात बिल्लेवाल्या वासराला जास्त भाव येतो, आणि लस पसरण्यात या बिल्ल्याचा वाटा शास्त्रज्ञांच्या भाषणांपेक्षा मोठा असावा असं आमचं मत.

पुढचे तीन आठवडे कळपावर नजर ठेवायची. दहाव्या दिवसानंतर कुणाला ताप, कुणाची गाठ मोठी. अशा वेळी या रोगावरचं औषध बुपार्व्हाक्वोन किलोमागे अडीच मिलीग्रॅम, ५ टक्क्यांच्या औषधाचं दर २० किलोला १ मिलीलीटर, लवकर दिलं तर जनावर वाचतं. फेस आल्यावर दिलं तर पैसे वाया. लस घेतलेलं जनावर परजीवी बाळगून राहू शकतं आणि गोचिडामार्फत तो लस न घेतलेल्या वासरात जाऊ शकतो. म्हणून कळपातली निम्मी वासरं टोचून निम्मी ‘पुढच्या वर्षी’वर ढकलू नयेत. शिवाय रानरेडे जिथे गुरांच्या कुरणात चरतात, तिथे लस घेतलेली गुरंही मेलेली आहेत. रेड्यांमधला पार्वा वेगळा असतो आणि कॉकटेल त्याला पुरत नाही. मसाई मारासारख्या अभयारण्यांच्या कडेला ही लस विकणाऱ्याने हे आधीच सांगायला हवं.

गोचीड फवारणीही सुटत नाही, कारण बाबेसिओसिस, ॲनाप्लास्मोसिस या गोचिडांच्याच इतर रोगांवर या लशीचा उपयोग नाही. अमित्राझ हे गोचीडनाशक १२.५ टक्के, लिटर पाण्याला २ मिलीलीटर. परजीवी पक्व व्हायला तीन-चार दिवस लागतात हे वर आलंच. गोचीड फार असतील तिथे आठवड्यातून दोनदा फवारायचं कारणही तेच. लोक पाठीवर भरपूर मारतात आणि कान कोरडे सोडतात. हा गोचीड तर कानातच बसतो!

परत वर, कियांबूच्या टेकड्यांत यावं. एका वाणाला या भागाचं नाव आहे, आणि लस मिळणं अवघड तेही इथेच. शेतकऱ्याकडे एक-दोन फ्रीजियन गायी, गोठ्यात बांधून नेपियर गवतावर पोसलेल्या. चाळीस जनावरं जमवायला वीसेक घरं लागतात, त्यात कुणाची गाय गाभण, कुणाची आजारी. दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर नावं गोळा करून एकच सकाळ ठरवली तर जमतं, नाही तर स्ट्रॉ उघडायला कुणी धजत नाही.

इथल्या गायी दुभत्या, म्हणून खर्च लशीच्या किमतीवर थांबत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन दुधात उतरतं. बाटलीवर लिहिलेला काळ, बहुधा आठवडाभर, ते दूध विकता येत नाही. उकळल्याने औषध पूर्ण नाहीसं होत नाही. केनियात बहुतांश दूध कच्चंच हातोहात विकलं जातं आणि गाय एकच असेल तर आठवड्याचं दूध ओतून देणं जिवावर येतं, तेव्हा कॅनमध्ये काय जातं ते समजून घ्यावं. केंद्रावर लॅक्टोमीटर लावतात. मग २ मिलीलीटर दुधात तेवढंच अल्कोहोल घालून गुठळ्या होतात का बघतात. पहिल्यात पाणी पकडलं जातं, दुसऱ्यात नासायला लागलेलं दूध. औषधाचं दूध दोन्हींत बिनबोभाट पास होतं. त्याचा पत्ता लागतो तो दुसऱ्या दिवशी, माझिवा लालाचं, म्हणजे इथल्या आंबवलेल्या दुधाचं, विरजण लागत नाही तेव्हा. तोवर त्या कॅनमध्ये पंधरा-वीस घरांचं दूध मिसळलेलं असतं.