रिकामी दिसलेली जागा

१९९७ साली मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघायचो. सगळं म्हणजे एक ४८६ कॉम्प्युटर, त्यावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि आठ पोर्टांच्या सीरियल कार्डाला जोडलेले सहा डंब टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. गेट, स्टोअर्स, अकाउंट्स, सगळ्यांची भिस्त त्या एका डब्यावर.

ऐन पावसाळ्यात कार्ड गेलं. लॅमिंग्टन रोडवरून नवीन आणलं, तेही ‘इंटेलिजंट’. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी. त्या मेमरीची ३२ केबीची खिडकी आपल्या मशीनच्या ६४० केबी ते १ एमबी या पट्ट्यात कुठेतरी बसवायची. आयओ अ‍ॅड्रेसचे डिप स्विच (कार्डावरचे इवलेसे स्विच) बॉलपेनच्या टोकाने पाच मिनिटांत लावले. मेमरीचा अ‍ॅड्रेस ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगायचा होता, त्यात तीन दिवस गेले.

युनिक्सऐवजी डॉसच्या फ्लॉपीवरून मशीन चालू केलं आणि मेमरीत डोकावायला डीबग हा प्रोग्रॅम उघडला. सी०००ला (म्हणजे सी००००ला; डीबगमध्ये शेवटचं शून्य गाळतात) पहिलेच बाइट ५५ एए ४०. ५५ एए ही रॉमची, म्हणजे कार्डावरच्या कायमच्या मेमरीची, खूण. हेक्समधले, म्हणजे १६च्या पटीत मोजलेले, ४० म्हणजे ६४, ५१२ बाइटचे ६४ तुकडे, ३२ केबी. हे व्हीजीएचं, म्हणजे स्क्रीनच्या कार्डाचं, बायोस. डी०००ला मात्र ओळीच्या ओळी एफएफ, म्हणजे उत्तर द्यायला कोणीच नाही. रिकामं! डी०००० देऊन कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, पुन्हा जोडून (रिलिंक) घेतला (तेवढ्यात चहा पिऊन यायचा), रीबूट केलं. टर्मिनलवर लॉगिन आलं आणि मिनिटभरात सगळे गोठले.

“काय रे, चलन छापू की घरी जाऊ?” अकाउंट्सच्या काकूंनी विचारलं.

केबल तपासल्या, टर्मिनल अदलाबदल करून पाहिले. शेवटी वैतागून त्याच मशीनमधलं लॅन कार्ड (नेटवर्कचं कार्ड) उपसून ठेवलं, तर सगळं सुरळीत! त्या कार्डाचीही १६ केबी मेमरी नेमकी डी००००लाच, पण त्याचा ड्रायव्हर चालू झाल्याशिवाय ती उघडतच नाही. डॉसमध्ये तो ड्रायव्हर कुठला? मला एफएफच दिसणार. त्याचं मॅन्युअल कपाटात होतं, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं.

लॅन कार्ड परत बसवलं आणि डी८००० दिला. आता ड्रायव्हर म्हणतो, कार्डच सापडत नाही.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची, तेव्हा निवांत बायोस सेटअप (मशीनच्या सेटिंगचा पडदा) चाळला. डी८००० ते डीबीएफएफएफ, शॅडो: एनेबल्ड. खालची डीसी०००ची ओळही तशीच. रॉम संथ असते, म्हणून तिची नक्कल वेगवान रॅममध्ये करून त्याच अ‍ॅड्रेसवर बसवायची, ही शॅडोची सोय. इथे कार्डाच्या जागी रॅमच उत्तर देत होती. दोन्ही ओळी डिसेबल केल्या आणि सहाही टर्मिनल उठले.

हे अ‍ॅड्रेस कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले. दोनेक वर्षांनी ही सेटिंग जपणारी सीमॉसची बॅटरी संपली, शॅडो आपोआप पुन्हा एनेबल झालं आणि काकूंचा फोन आला. तेव्हा दहा मिनिटांत काम झालं.