बाबांचा लेप्टो आणि दर रिपोर्टला बदललेलं ताट

भातलावणी आटोपली आणि बाबांना लेप्टो झाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा आणि किडनीवर घाला घालू शकणारा जंतुसंसर्ग. लघवी जवळजवळ बंद पडली, तेव्हा कुडाळहून गोव्याला हलवलं आणि डायलिसिस सुरू झालं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. इथे फक्त जेवणाचं सांगते, कारण सल्ले सगळ्यात जास्त त्यावरच मिळाले.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "किडनी ना? मग अंडी-मासे बंद." आहारतज्ज्ञ मॅडमनी नेमकं उलट सांगितलं. अशा आजारात शरीर स्वतःचेच स्नायू झिजवतं, शिवाय दर डायलिसिसला थोडी अमिनो आम्लं निघून जातात. बाबांचं वजन 60 किलो, म्हणून दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि किमान 1500 कॅलरी. प्रोटीन तोडून डायलिसिस टाळायला जाऊ नका, हे त्यांनी आईला दोनदा बजावलं. मग अंड्याचा पांढरा बलक, उकडलेला ताजा मासा, थोडं पनीर. मळमळ असायची, म्हणून थोडंथोडंच भरवायचं.

खरी कुतरओढ पाण्याची. आदल्या दिवशीची लघवी अधिक अर्धा लिटर, बस. पेज, चहा, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. आणि आमचे बाबा पेजेशिवाय सकाळ न होणारे! आई वाटीने मोजून द्यायची, तर तिनेच घरची विहीर बुजवल्यासारखे तिच्याकडे बघायचे.

रक्तातलं पोटॅशियम 6 च्या वर होतं, म्हणजे धोक्याइतकं जास्त. शहाळं, केळं, कुळथाची पिठी बंद. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची नि ते पाणी ओतून टाकायचं. एका आत्याने कौतुकाने कमी सोडियमचं मीठ आणलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, म्हणून ते आल्या पिशवीतून परत गेलं.

पुढे लघवी सुटली ती दिवसाला तीन-चार लिटर. पोटॅशियम 3.1 वर घसरलं. लेप्टोत मूत्रपिंडातल्या नलिकांना इजा होते आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातं, असं डॉक्टर म्हणाले. आता शहाळं सुरू, केळं सुरू, पाणी प्या म्हणून मागे लागायचं. आईला हे पटायला वेळ लागला.

वाडीत एकांचं बरीच वर्षं डायलिसिस चालू आहे. त्यांच्या सुनेने बाबांचा डाएट चार्ट मागितला. मी दिला नाही, मॅडमचा नंबर दिला. आमच्या कागदावर रोज एक शहाळं लिहिलंय. त्यांच्या सासऱ्यांच्या ते जिवावर बेतलं असतं.