रक्त तयार होत होतं, टिकत नव्हतं

हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डाव्या बाजूची झडप, बदलून चार वर्षं झाली होती. दोन पाकळ्यांचा, कार्बनचा व्हॉल्व्ह. रात्री त्याची टिकटिक ऐकू येते, पण तिची सवय झाली होती. मग जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन ७.९. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन चालू म्हटल्यावर सगळ्यांचा संशय पोटातल्या रक्तस्रावावर. दोन्हीकडून दुर्बीण घालून झाली, काही सापडलं नाही. लोहाच्या गोळ्यांवर दोन महिने गेले; त्यांनी पोट तेवढं बिघडलं.

सकाळची लघवी कोऱ्या चहासारखी होते, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. पाणी कमी पितो म्हणून असेल, असं धरून चाललो होतो. सहज बोलता बोलता ते निघालं, तसं हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं.

नव्या तपासण्यांत एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजाराच्या पुढे आलं; ते साधारण अडीचशेच्या आत हवं. हॅप्टोग्लोबिन जवळजवळ शून्य. फुटलेल्या पेशींतून सांडलेलं हिमोग्लोबिन हे प्रथिन उचलून नेतं. ते संपलं की हिमोग्लोबिन लघवीतून जातं, आणि त्याच्याबरोबर लोहही.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून स्लाइड दाखवली. गोल पेशींच्या गर्दीत त्रिकोणी तुकडे, कुठे दोन शिंगं वर आलेली अर्धी पेशी, एक तर हुबेहूब हेल्मेट. “या आजारी नाहीत, फाटलेल्या आहेत,” त्या म्हणाल्या. १२० दिवस जगायची पेशी, आणि तिची ही गत!

कुठे फाटतायत, ते अन्ननलिकेतून केलेल्या इकोत दिसलं. पाकळ्या ठणठणीत होत्या. व्हॉल्व्हचं कडं जिथे शिवतात, तिथे बारीक फट पडली होती. बारीकच आहे ना, म्हणून मी खूश. पण डावा कप्पा आवळला की त्या चिरेतून रक्त सेकंदाला पाचेक मीटर वेगाने मागे उडतं. धारेच्या मध्यभागी प्रचंड वेग, कडेला जवळपास थांबलेलं रक्त. या ओढाताणीत पेशी ताणली जाते आणि फाटते. थोड्या पेशी चांगल्या व्हॉल्व्हमध्येही फुटतात. गुठळी होऊ नये म्हणून बिजागऱ्यांपाशी जरासं रक्त मागे झिरपू देण्याचीच रचना असते. तेवढी भरपाई हाडांतली रक्त बनवणारी अस्थिमज्जा करून टाकते. माझी करून करून थकली होती.

रक्ताच्या दोन पिशव्या, फॉलिक ॲसिड, ठोक्याचा जोर कमी करणारी गोळी, आणि शेवटी मांडीच्या शिरेतून कॅथेटर नेऊन त्या फटीला बूच. पुन्हा छाती उघडावी लागली नाही, हे नशीब. पहिला आठवडा मात्र लघवीचा रंग आणखीच गडद झाला. बुचाच्या कडेने चीर उरली तर असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी घाबरलोच. नंतर हळूहळू उतरलं. आता हिमोग्लोबिन ११.२, एलडीएच साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे अजून थोडं फुटतंय.

रोज सकाळी फ्लश करायच्या आधी वाकून एकदा रंग बघतो.